मुलं मोजायची कुठे?



'कोल्हापूरला स्केटपार्क कशाला?' या पत्रात लेखकांनी विचारलं आहे, की स्केटबोर्ड आणि बीएमएक्स सायकल चालवणारी मुलं शहरात आहेत तरी किती? जागाच नाही, तर ती दिसणार कुठे? या गावात आखाडे आधी खणले गेले, म्हणून पैलवान घडले. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, ते कुस्तीला राजाश्रय देण्यासाठीच.

स्केटपार्क हा श्रीमंतांचा लाड आहे, हे म्हणणंही पटत नाही. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात काँक्रीटचा स्केटपार्क आहे आणि तिथली आदिवासी मुलं त्यावर वाढली. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंगचं एक सुवर्ण जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने जिंकलं. बीएमएक्स शर्यत तर २००८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

गरज जरूर मोजा, पण नीट मोजा. महापालिकेच्या शाळांत जाऊन मुलांना विचारा, मुलींना वेगळं विचारा. संध्याकाळी रंकाळा तलावावर उभं राहून पाहा, चाकांवरची किती पोरं गाड्यांच्या गर्दीतून वाट काढतात. मला त्यांची खरोखर काळजी वाटते. जागा मात्र पंचगंगेच्या पूररेषेबाहेरच हवी. २०१९ आणि २०२१ चं पाणी आपण पाहिलं आहे. आणि पाणी निचरणारा उतार नसेल, तर आपल्या पावसाळ्यात खोलगट पार्कचं तळं होईल.

महापालिकेने ही पाहणी पुढच्या अंदाजपत्रकाआधी करावी आणि तिचे प्रभागवार आकडे जाहीर करावेत.

— एक पालक, मंगळवार पेठ, कोल्हापूर