मेहुण्याची बोली

बी. कॉम.च्या परीक्षेत मर्कंटाइल लॉ या विषयात मला छत्तीस गुण मिळाले. पस्तीसला पास. त्या जादाच्या एका गुणात सेल ऑफ गुड्स ॲक्टचं कलम ६४ बसलेलं असणार, असा माझा अंदाज आहे. कारण पुढे वीस-बावीस वर्षांनी माझ्यावर वेळ आली तेव्हा त्या पेपरातलं मला तेवढंच आठवलं. तेसुद्धा उशिरा.

वास्तविक संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बँकेच्या काउंटरवर बसून मी लोकांच्या सह्यांकडे संशयाने पाहतो, नोटा उजेडात धरतो, आणि समोरचा गृहस्थ स्वतःचीच सही करताना घाबरेल इतपत गंभीर चेहरा ठेवतो. अशा माणसाला कुणी फसवू शकेल, असं तुम्हांला वाटणार नाही. मलाही वाटत नव्हतं. पण काउंटरच्या आतला मी आणि बाहेरचा मी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, हे त्या महिन्यात कळलं.

त्याचं मूळ आमच्या आजोबांच्या अल्बममध्ये आहे. आजोबा शाळामास्तर, आणि तिकिटं जमवण्याचा नाद. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याला वर्ष झालं त्या दिवशी, गांधीजींची चार टपाल तिकिटं निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. 'बापू' हा शब्द हिंदीत आणि उर्दूत. खादीच्या या महात्म्याची तिकिटं छापून आली होती थेट स्वित्झर्लंडहून, पण ते असो. आजोबांनी पहिली तीन घेतली. एकूण खर्च सतरा आणे, म्हणजे एक रुपया एक आणा. दहा रुपयांचं नाव काढताच आजीने तेवढ्या पैशांत घरात काय काय येतं याची यादी ऐकवली. ती यादी संपायच्या आत पोस्ट बंद झालं असावं. अल्बममध्ये चौथी चौकट त्यांनी आखून ठेवली, आणि आत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं : 'पुढच्या महिन्यात.'

तो महिना आमच्या घराण्यात अजून उजाडलेला नाही.

याच दहा रुपयांच्या तिकिटावर 'सर्व्हिस' अशी अक्षरं छापलेल्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना गेली. तशी हौस मला नाही. साधं, पोस्टाचा शिक्का बसलेलं, कडेचे दात शाबूत असलेलं एक तिकीट मला पुरतं. तसं एक मला मोबाइलवरच्या लिलावात दिसलं. बापूंच्या डाव्या खांद्यावर अर्धा गोल शिक्का. सुरुवातीची किंमत रुपये नऊशे नव्याण्णव. मुदत सात दिवस.

हा मोबाइलवरचा लिलाव कसा चालतो ते आधी सांगतो. तुम्ही जास्तीत जास्त किती देणार तो आकडा यंत्राला गुपचूप सांगायचा. समजा, पाच हजार. यंत्र लगेच पाच हजार लावत नाही. दुसऱ्याची बोली दोन हजार शंभर असली की तुमच्या नावावर दोन हजार दोनशे लावून गप्प बसतं. दुसरा चढला की तेही एक पायरी चढतं. व्यवस्था छान आहे. फक्त एकच अडचण : दुसरा म्हणून जो चढतो, तो जर तिकिटाच्या मालकाचा मेहुणा असेल तर?

मेहुण्याला तिकीट नको असतं. त्याला तुमच्या खिशात किती आहेत तेवढं जाणून घ्यायचं असतं. माझ्या लिलावात पहिल्या तीन दिवसांत दोन गिऱ्हाइकं आली, त्यातलं एक दोन हजार शंभरला थांबलं. मग 'र*१' अवतरले. नाव हे असंच. आजकाल गोपनीयतेसाठी बोली लावणाऱ्याच्या नावावर चांदण्या टाकतात. र-चांदणी-चांदणी-चांदणी-एक यांनी तीन हजार लावले. माझं यंत्र वर. त्यांनी साडेतीन लावले. माझं यंत्र वर. चार. साडेचार. चार हजार नऊशे. आमच्या शेजारचा मुलगा आंबा पिकला की नाही हे पाहायला जसा बोटाने दाबून दाबून पाहतो, तसं चाललं होतं. शेवटी त्यांनी पाच हजार दोनशे लावले आणि मी मागे पडलो.

आता मी बँकेतला माणूस. मर्यादा म्हणजे मर्यादा, हे गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण रात्रीचे साडेदहा, घरातली मंडळी झोपलेली, आणि आजोबांची चौकट डोळ्यांसमोर. मी सहा हजार लावले. त्यांनी सहा हजार तीनशे. इतक्यात वेळ संपली. तिकीट र-चांदणी यांना गेलं, सहा हजार शंभरला. मी हातरुमालाने घाम पुसला.

तिसऱ्या दिवशी विक्रेत्याचा निरोप आला : 'आधीच्या गिऱ्हाइकाने काही घरगुती अडचणीमुळे व्यवहार रद्द केला. आपण तिकीटप्रेमी दिसता. आपल्याच सहा हजारांत देतो.'

मी स्वयंपाकघरात जाऊन ही शुभवार्ता सांगितली. सौभाग्यवती कॉमर्सच्या पदवीधर नाहीत, पण रोज भाजी घेतात.

"अहो, म्हणजे तो माणूस घेणार नव्हताच?"

"अडचण आली त्याला."

"आली असेल. पण मग त्याचे आकडे कशाला धरायचे? तो मंडईत आलाच नव्हता असं समजा. तो सोडून पुढचा कोण होता?"

"एकवीसशेवाला."

"मग तुम्हांला ते बावीसशेला पडायला हवं. सहा हजार कशाचे?"

छत्तीस गुण घेऊन पास झालेला मी तिथल्या तिथे नापास झालो. या एका वाक्यात सगळ्या खोट्या बोलीचं मर्म आहे. गिऱ्हाईक गेलं, आणि त्याने चढवलेली किंमत मात्र माझ्या डोक्यावर ठेवून गेलं.

मी विक्रेत्याला तसं कळवलं. उत्तर आलं, 'नियमाप्रमाणे आपली बोली आपल्यावर आहे.' मग मी रीतसर चौकशीला बसलो. र-चांदणी यांच्या गेल्या तीस दिवसांतल्या बोल्या पाहिल्या. जवळजवळ सगळ्या याच एका विक्रेत्याच्या मालावर. सुरुवातीला धावत यायचं, थोडं थोडं चढायचं, आणि शेवटच्या मिनिटांत, जेव्हा खरा हौशी माणूस जीव टाकतो, तेव्हा हे गृहस्थ बहुतेक वेळा थंड. इतका उत्साह आणि इतकं कमी यश मी फक्त आमच्या युनियनमध्ये पाहिलं आहे. पुढच्या महिन्यात तेच तिकीट पुन्हा लिलावात आलं. बापूंच्या डाव्या खांद्यावर तोच अर्धा गोल शिक्का. आणि पहिली बोली? र-चांदणी-चांदणी-चांदणी-एक! घरगुती अडचण मिटली असावी.

न्यायाने एक सांगायला हवं. अशा खुणा दिसल्या म्हणजे चोरी सिद्ध झाली असं नाही. नवखा माणूसही कचरतच चढतो. एखादा विक्रेता फक्त संस्थानांची तिकिटं विकत असेल, तर संस्थानांचे वेडे त्याच्याच दारात दिसणार. एक खूण योगायोग असू शकते. सगळ्या खुणा एकाच चांदणीवाल्यावर उमटल्या की मात्र बँकेत आम्ही खातं तपासायला काढतो.

लिलाव चालवणाऱ्यांकडे मी तक्रार केली. उत्तर विनम्र होतं : चौकशी झाली आहे, निष्कर्ष गोपनीय आहे. माझा खरा राग आहे तो इथे. या मंडळींचं कमिशन अंतिम किमतीवर टक्क्यांनी. तिकीट बावीसशेला गेलं तर थोडं, सहा हजारांना गेलं तर जवळजवळ तिप्पट. मेहुण्याला शोधायचा, तो स्वतःच्या खर्चाने, आणि सापडला की स्वतःचंच उत्पन्न कमी करायचं! रखवालदाराला चोरीतला टक्का ठरवून दिला तर तो रात्री कुठल्या कुशीवर झोपेल, हे सांगायला मर्कंटाइल लॉ लागत नाही. आणि त्या चांदण्या! म्हणे गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी. माझं संरक्षण झालं ते इतकंच, की मला कोणी लुटलं ते कळू नये.

आमच्या हेडकॅशियरांना हे पटत नाही. म्हणाले, "अरे, सहा हजार तूच लावलेस ना? कुणी हात धरला होता? द्यायला तयार होतास, मग फसवणूक कसली?"

या मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण सगळे मेहुणे तो पाठ करून आलेले असतात. मी सहा हजार द्यायला तयार होतो, ते दुसऱ्या एका वेड्याशी चढाओढ करायला. मालकाशी नव्हे. दुसरा कुणी इतके देतो आहे, म्हणजे तिकीट तेवढ्याचं आहे, असं मी समजलो. लिलावात दुसऱ्याची बोली ही साक्ष असते, आणि ही साक्ष खोटी होती. कॉमर्सवाल्यांनी ॲकॉमोडेशन बिल आठवावं. माल नाही, व्यवहार नाही, दोन मित्रांनी एकमेकांसाठी केलेल्या सह्या तेवढ्या असतात, आणि आम्ही बँकवाले त्यावर पैसे दिले की कपाळावर हात. हेडकॅशियरांनी तसं बिल कधी वटवलं नसतं. मग माझंच का वटवायचं?

ही लबाडी मोबाइलने शोधलेली नाही. लिलावाइतकीच ती जुनी. उलट्या बाजूनेही चालते. न्यू यॉर्कमध्ये १९९०च्या दशकात तिकिटांच्या व्यापाऱ्यांनी टोळी केली होती. खऱ्या लिलावात एकमेकांविरुद्ध चढायचं नाही, आणि तिकिटं आपसात वाटायला आधीच खाजगी लिलाव. त्या खाजगी बोल्या गोळा करायला ठेवला होता एक टॅक्सीवाला. इंग्लंडात २०१० साली स्वतःच्याच मालावर दुसऱ्या नावाने बोल्या लावणाऱ्या एकाला पाच हजार पौंड दंड आणि अडीचशे तासांची समाजसेवा झाली. त्याच्या मालात एक मिनीबस होती, आणि खारी-पॅटीससारखा खाऊ गरम ठेवायचं एक कपाट. कपाटासाठी एवढं होतं, मग बापूंसाठी का नको?

आपल्याकडे कायदा नाही असं मात्र म्हणू नका. १९३० सालापासून आहे. कलम ६४. मालकाला स्वतः बोली लावायची असेल तर त्याने तो हक्क आधी उघड जाहीर करावा. न सांगता लावली किंवा दुसऱ्याकरवी लावून घेतली तर ती विक्री फसवणुकीची मानण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. किंमत चढवायला लटकी बोली लावली तर सौदा मोडायचा हक्कही त्यालाच. मेहुण्याचा उल्लेख नाही, पण मसुदा करणारा गृहस्थ विवाहित असावा.

कायदा आहे, पण चांदण्यांच्या आड पाहायला डोळे नाहीत. म्हणून माझं मागणं अगदी कारकुनी आहे. नाव झाकायचं तर झाका, पण प्रत्येकाला एक कायमचा नंबर द्या, म्हणजे तो कुणाच्या दारात किती वेळा दिसतो ते कुणालाही मोजता येईल. गिऱ्हाईक पळालं तर त्याच्या बोल्या त्याच्याबरोबर पळाल्या पाहिजेत, आणि किंमत बावीसशेवर आली पाहिजे. आणि लटकी बोली सिद्ध झाली तर कमिशन परत करा. तिसरं मागणं मान्य झालं तर पहिली दोन आपोआप होतील, असं माझा बँकेतला अनुभव सांगतो.

तोपर्यंत मी एक नियम केला आहे. आकडा आधी कागदावर लिहायचा, कागद सौभाग्यवतींकडे द्यायचा, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला एकदाच बोली लावायची. मेहुण्याला आंबा दाबायला वेळच मिळता कामा नये. या नियमाने मी आतापर्यंत तीन लिलाव हरलो आहे. तिन्ही स्वस्तात.

सहा हजारांचं ते तिकीट मी घेतलं नाही. ज्या माणसाने जन्मभर सत्याचे प्रयोग केले, त्याचं चित्र खोट्या बोलीवर घरात आणायचं जिवावर आलं. सहा हजारही जिवावर आले होते, ते लपवत नाही. त्या रात्री अल्बम काढला. चौथ्या चौकटीत आजोबांची पेन्सिल पुसट झाली होती. मी तीच अक्षरं पुन्हा एकदा गिरवली.

सौभाग्यवती मागून वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, "पेननं लिहू नका हं. उगाच कायमचं व्हायचं."