सहा हजाराची रॅम
चिंचोळी एमआयडीसीत माझ्या भाच्याचं टॉवेलचं युनिट आहे. जकार्डच्या डिझाइनसाठी नवा डेस्कटॉप जुळवायचा म्हणून त्यानं ६४०० वेगाची रॅम पसंत केली. आकडा मोठा, म्हणजे माल भारी! मी पाकीट उलटून सीएल, म्हणजे उत्तर द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा, बघायला लावलं. ४० होतं. सीएलला दोन हजारानं गुणायचं, रॅमच्या वेगानं भागायचं: साडेबारा नॅनोसेकंद. शेजारची ६००० ची, सीएल ३० वाली, दहातच उत्तर देते. लूम कितीही पळो, कांडी बदलण्यात वेळ गेला की कापड तेवढंच निघतं. हे त्याला लगेच पटलं. चार पट्ट्या ठासायचा बेतही मी मोडला, कारण डीडीआर-५ मध्ये चार लावल्या की वेग बहुधा उतरवावाच लागतो. ६००० वाल्याच, ३२ जीबीच्या दोन घेतल्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. सुरू करून बघतो तर वेग ४८००! बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगानं पळवणारी सेटिंग, चालू करायचं राहिलं होतं. ते केलं, तर मशीन पुन्हा उठेपर्यंत मिनिटभर स्क्रीन काळी, आणि भाच्याचा चेहरा त्याहून काळा.