मीटिंगचा पत्ता नोटीस बोर्डवर लावा

‘शनिवारी बसायचं का?’ या प्रश्नाचा अर्थ आपल्याला कुणी शिकवत नाही, तरी तो कळतो. वाइन शॉप किती वाजता बंद होतं, कुणाच्या रूमवर घरमालक फिरकत नाही, हेही अख्ख्या ग्रुपला पाठ असतं. पण त्याच ग्रुपमधला एखादा म्हणाला, ‘यार, मला आता थांबताच येत नाहीये,’ तर त्याला कुठे न्यायचं, हे किती जणांना माहीत आहे?

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंग आपल्याकडे अनेक शहरांत भरतात. त्यातलं सगळ्यात परिचित नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ‘एए’. तिची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात झाली. बिल विल्सन नावाचा, पाच महिने दारूपासून लांब राहिलेला माणूस धंद्याचं काम फिसकटल्यावर हॉटेलच्या लॉबीत उभा होता. बाजूलाच बार. तिकडे पाय वळू नयेत म्हणून आपल्यासारख्याच कुणाशी तरी बोललं पाहिजे, असं त्याला वाटलं. त्याने चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली आणि त्यातून त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. म्हणजे एएची पहिली भेटसुद्धा फोन करून शोधावी लागली होती.

आजही मीटिंग शोधावीच लागते. इथे येणाऱ्यांची ओळख गुप्त राहते, त्यामुळे जाहिरातबाजी नसते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल अशा साध्या जागी संध्याकाळी पंधरा-वीस माणसं जमतात. आत येणाऱ्याला यामुळे आधार वाटतो, पण बाहेर शोधणाऱ्याला दारच दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षणानुसार दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी साधारण एकालाच कुठले तरी उपचार मिळतात.

इथे कॉलेजचं काम सुरू होतं. २६ जूनला आपण रॅली काढतो, शपथ घेतो, पोस्टर स्पर्धा भरवतो. पोस्टरवर बाटली असते, कवटी असते, पण जवळच्या मीटिंगचा वार, वेळ आणि पत्ता नसतो. तो नोटीस बोर्डवर लावा. हॉस्टेलच्या टॉयलेटमध्ये दाराच्या आतल्या बाजूलाही लावा, तिथे कुणाच्या नजरेत न येता वाचता येतो. सोबत दोन सरकारी हेल्पलाइन लिहा: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६. आणि एक ओळ रेक्टरच्या सहीने: मदत मागितली म्हणून कुणाचीही रूम जाणार नाही. या भीतीपोटीच अनेक जण गप्प बसतात. त्यात महाराष्ट्रात देशी-विदेशी दारूसाठी कायद्याने वय २५ लागतं, त्यामुळे विशीतल्या मुलाला तोंड उघडणं आणखी अवघड.

मीटिंगमध्ये तुमचं वय किंवा कॉलेज सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. फी नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणी गोळा होते, ती नाही दिली तरी चालतं. बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐकून आलात तरी चालतं. एएच्या वेबसाइटवर किंवा हेल्पलाइनवर जागा मिळते. निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: मीटिंग मराठीत, हिंदीत की इंग्रजीत? आणि ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’? ओपनला मित्र सोबत येऊ शकतो, क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. पहिल्या दिवशी सगळे काका-मामांच्या वयाचे दिसले तर ‘ही आपली जागा नाही’ असं वाटू शकतं. तेवढ्यावरून सोडून देऊ नका, दुसरा ग्रुप बघा. बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, पण त्याचा अर्थ ज्याने त्याने आपला लावायचा असतो. तरीही पटलं नाही, तर समुपदेशक आणि व्यसनमुक्ती केंद्रं आहेतच. पुण्यात अनिल अवचट आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे त्यातलंच एक.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. अशा वेळी आधी डॉक्टर, मग मीटिंग.

आपल्यातल्या अनेकांच्या घरात पिणारे बाबा असतात, दादा असतो. त्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ हा वेगळा ग्रुप आहे. बाबा दारू सोडायला तयार नसले, तरी आई आणि तुम्ही तिथे जाऊ शकता. हे तर फारच कमी जणांना ठाऊक असतं.

कॉलेज बोर्ड लावेल तेव्हा लावेल. तोवर या आठवड्यात आपल्या भागातली एक मीटिंग शोधा आणि वार-वेळ फोनमध्ये सेव्ह करा. मित्राला गरज पडली तर नुसतं लोकेशन पाठवू नका. ‘चल, मी येतो सोबत,’ म्हणा आणि दारापर्यंत जा.