अम्मीची शुगर आणि रमजान

रमजान जवळ आला की सांगली-मिरजेतल्या आपल्या घरांत हा वाद होतोच. अम्मीला शुगर, इन्सुलिन चालू, तरी रोजे चुकवायला ती तयार नसते. मुलं 'तिची श्रद्धा' म्हणून गप्प बसतात. मला हे पटत नाही. सूरह बकरात (आयत १८४-१८५) आजाऱ्याला सवलत आहे. आजार कायमचा असेल तर फिदया, म्हणजे एका रोज्यामागे एका गरजूचं जेवण. आमची अम्मी पहिल्या वर्षी रडली. आता ते डबे स्वतः भरते.

डॉक्टर रोज्याला हो म्हणाले, तर औषधांच्या वेळा महिनाभर आधीच ठरवून घ्या. बोटाला सुई टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही. ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, की मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरी रोजा तोडायचा.