तपासणी दाराशी, उपचार मात्र दूर

जन्मतः बहिरे असलेले मूल रडते, हसते, आईकडे टक लावून पाहते. घरात कोणालाच शंका येत नाही. दोन वर्षांचे होऊनही ते बोलत नाही तेव्हा चौकशी सुरू होते, आणि ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ या समजुतीवर आणखी एक वर्ष जाते. भाषा शिकण्याचा मोलाचा काळ तेवढ्यात निघून जातो. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, हा दंडक जगभर मान्य झाला आहे तो यासाठीच.

हा दंडक श्रमिकांच्या घरापर्यंत नेता येतो, हे चेन्नईतील पोरूर येथील श्री रामचंद्र संस्थेच्या श्रवणतज्ज्ञांनी तामिळनाडूच्या ग्रामीण भागात दाखवून दिले. त्यांच्या कामाचे निष्कर्ष २०१३ पासून प्रसिद्ध होत आले आहेत. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना हाती धरता येईल असे यंत्र चालविण्याचे शिक्षण देण्यात आले. झोपलेल्या बाळाच्या कानात एक छोटी नळी बसवून सूक्ष्म ध्वनी सोडला जातो. अंतःकर्ण निरोगी असेल तर तेथून क्षीण प्रतिध्वनी परत येतो व यंत्र तो टिपते. बाळाने काही सांगावे लागत नाही. प्रतिध्वनी न आल्यास पुढची तपासणी फिरत्या वाहनात होते. डोक्यावर विद्युतअग्रे लावून घेतलेल्या मज्जासंदेशांचा आलेख दूरसंचाराच्या साहाय्याने शहरातील तज्ज्ञ त्याच वेळी वाचतो.

या प्रयोगाचा खरा धडा यंत्राविषयी नाही. तज्ज्ञांची मक्तेदारी समजले जाणारे काम योग्य शिक्षण मिळाल्यास गावातली माणसे करू शकतात, हा तो धडा होय. मात्र संशोधन प्रकल्प अनुदानाच्या मुदतीपुरता जगतो. कायमची जबाबदारी शासनाचीच असते.

शासनाने काय केले? बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये २५ जिल्ह्यांत सुरू झाला. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्याचा प्रारंभ महाराष्ट्रातील पालघरहून झाला होता. त्यात नवजात बालकाची घरी जाऊन पाहणी करण्याचे काम आशा कार्यकर्तीवर सोपविले आहे. पण तिने पाहावयाचे ते डोळ्यांनी, आणि बहिरेपणा डोळ्यांना दिसत नाही! उद्या तिच्या हाती यंत्र दिले तरी ती राज्यकर्त्यांच्या लेखी ‘स्वयंसेविका’च राहणार, वेतनाऐवजी मानधन व कामागणिक मोबदला घेणार. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला तो याच अन्यायाविरुद्ध. नवे यंत्र म्हणजे नवे बिनपगारी काम, असा अर्थ होऊ देता कामा नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार श्रवणदोषामुळे पुनर्वसनाची गरज असलेले लोक जगात ४३ कोटींहून अधिक आहेत. त्यांतील सुमारे ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. श्रवणयंत्रांची व कर्णरोपणाची बाजारपेठ मात्र धनिक देशांतील मोजक्या कंपन्यांच्या मुठीत आहे. तामिळनाडूत शासकीय विमा योजनेतून लहान मुलांची कर्णरोपण शस्त्रक्रिया होते, ही निश्चितच जमेची बाजू. परंतु शस्त्रक्रियेनंतर बाहेरच्या यंत्राची वायर तुटते, बॅटरी संपते, आणि वाचा-उपचारासाठी वर्षानुवर्षे शहरात खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेला आईची एका दिवसाची मजुरी बुडते. तो खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. शिवाय प्रत्येक मुलाला यंत्र उपयोगी पडतेच असे नाही. त्याला सांकेतिक भाषा शिकविणारा शिक्षकही तितक्याच लवकर मिळावयास हवा.

बहिरेपणाचे निदान करून मूल तसेच घरी पाठविणे म्हणजे मातापित्यांच्या पदरी केवळ चिंता टाकणे होय. म्हणून किती बाळांची तपासणी झाली, या आकड्यावर कोणी समाधान मानू नये. पुढे पाठविलेल्यांपैकी किती जणांचे निदान तीन महिन्यांत झाले, किती जणांना सहा महिन्यांत यंत्र मिळाले, याचा हिशेब सभासदांनी व जनसंघटनांनी आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि जिल्हा रुग्णालयात मागावा. बाळ वाढते तसा श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा लहान पडतो व पहिल्या वर्षात तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. त्यासाठी पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली ठेवला आहे, हेही त्याच वेळी विचारावे.