न बांधणाऱ्या वास्तुकाराची बाजू

घर, गाव, नगर : साप्ताहिक सदर

वास्तुकार किती मोठा, हे आपण त्याच्या इमारती मोजून ठरवतो. एस्टोनियाचे लिओनहार्ड लापिन (१९४७-२०२२) या हिशेबात फारसे बसत नाहीत. त्यांच्या बांधलेल्या इमारती थोड्या; चित्रं, आराखडे आणि लेखन मात्र भरपूर. तरीही त्यांना वगळून त्या देशाच्या आधुनिक वास्तुकलेचा इतिहास सांगता येत नाही.

टॅलिनच्या कलासंस्थेतून ते १९७१ मध्ये वास्तुकलेचे पदवीधर झाले. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. टॅलिनमधल्या मुस्तामॅएसारख्या वसाहतींत कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे पॅनेल जोडून एकसारख्या इमारती उभ्या राहत होत्या. साचा आधीच ठरलेला असेल, तर वास्तुकारानं करायचं काय? लापिन चित्रांकडे वळले. शिकत असतानाच, १९६९ मध्ये, आंद्रेस टोल्ट्स आणि आंदो केस्क्युला यांच्यासोबत त्यांनी ‘सूप ६९’ हा गट काढला होता. नावाला निमित्त अमेरिकी चित्रकार वॉरहॉल यांनी रंगवलेले सूपचे डबे. पुढच्या यंत्रांवरच्या चित्रमालिकांत त्यांनी माणसाचं शरीर आणि यंत्राचे भाग एकमेकांत गुंतवले. विषय बेफाम, रेषा मात्र नकाशा काढणाऱ्याची, मोजूनमापून ओढलेली.

१९७८ मध्ये टॅलिनच्या तरुण वास्तुकारांनी विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षीचा लापिन यांचा एक प्रकल्प आहे : ‘जिवंतांचं शहर, मृतांचं शहर’. पॅनेलच्या इमारतींमधल्या मोकळ्या जागेत त्यांनी चक्क दफनभूमी सुचवली. चेष्टा वाटते खरी. पण जिथं माणसं जन्मभर राहतात, तिथं त्यांच्या आठवणींना जागा ठेवायची की नाही, असा रोकडा प्रश्न त्या कागदावर आहे. गृहनिर्माणाच्या कोणत्याही सरकारी तक्त्यात तो विचारलेला नसतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कागदावरचं छप्पर गळत नाही आणि पॅनेलच्या घरांनी हजारो कुटुंबांना निवारा दिला, हेही खरंच. पण निवाऱ्याची निकड सांगून टीका गप्प करता येत नाही. लापिन यांनी राहत्या घरांची गरज नाकारली नाही. त्या वसाहतींत काय राहून गेलं, ते दाखवलं.

पुढे ते टॅलिनच्या कला अकादमीत प्राध्यापक झाले. म्हणजे कागदावरच्या कामाला तिथं शिक्षणातही जागा मिळाली. आपल्याकडे मात्र वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची अशी धीट कागदी कामं गुणपत्रिकेपलीकडे जात नाहीत. नगररचनेचा आराखडा हरकतींसाठी खुला होतो, तेव्हा ती नागरिकांपुढे मांडायला काय हरकत आहे?

— मयासुर