दमयंतीच्या विदर्भाला स्वतःची नृत्यमंडळी हवी

नागपुरात आता रंगमंचाची वानवा उरलेली नाही. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे आणि रेशीमबागेत २०१७ पासून सुमारे दोन हजार प्रेक्षकांचे सुरेश भट सभागृह उभे आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालयही १९८६ पासून याच शहरात आहे. तरीही परीकथेवरचे भव्य नृत्यनाट्य पाहायचे तर बाहेरून एखादा संच येण्याची वाट पाहावी लागते. तो एका संध्याकाळी डोळे दिपवतो आणि निघून जातो. या शहराला खरी उणीव आहे ती वर्षभर रोज एकत्र तालीम करणाऱ्या, पगारी नर्तकांच्या मंडळीची. ती नसेल तर कितीही मोठे सभागृह बांधले तरी नागपूर पाहुण्यांचे यजमानच राहील.

परीकथेवरचे बॅले एका प्रयोगात अभिजात होत नाही, हे जगाच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चा पहिला प्रयोग १८७७ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात झाला आणि त्याला यश बेताचेच मिळाले. आज जग ज्याला ‘स्वान लेक’ म्हणून ओळखते ती मांडणी पेतिपा आणि इव्हानोव्ह या नृत्यरचनाकारांनी १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला केली. तोवर संगीतकार हयातही नव्हता. कलाकृती तगली, कारण तिच्या मागे कायमचे रंगमंदिर होते, शाळा होती आणि रोज सकाळी सरावाला उभे राहणारे नर्तक होते. हंसिनींचा पांढरा जथा एका श्वासात मान वळवतो तेव्हा दिसते ती वर्षानुवर्षांची सोबत. महिनाभराच्या तालमीत ती आणता येत नाही.

‘पण बॅले आपले नाही,’ हा पहिला आक्षेप. त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. नर्तक उदयशंकर यांच्या अल्मोडा केंद्रात काम केलेल्या शांती वर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूपची स्थापना केली. त्यांनी ‘रामायण’ बसवले ते कठपुतळ्यांच्या चालीवर. मुखवटे घातलेले नर्तक जणू दोऱ्यांनी ओढल्यासारखे झटक्याने वळत, आणि या एका कल्पनेने महागड्या नेपथ्याची गरजच संपवली. १९५४ मध्ये वर्धन गेले, पण गुल वर्धन आणि सहकाऱ्यांनी मंडळी टिकवली, पुढची कित्येक दशके ‘रामायण’ आणि ‘पंचतंत्र’ देशोदेशी नेले. मराठीत आविष्कार या नाट्यसंस्थेच्या चंद्रशालेने ‘दुर्गा झाली गौरी’ हे मुलांचे नृत्यनाट्य गुरू पार्वतीकुमार यांच्या नृत्यरचनेत उभे केले आणि मुलांच्या एकामागून एक पिढ्यांनी ते नाचले. मात्र लिटल बॅले ट्रूपला कायमचा आसरा महाराष्ट्रात लाभला नाही. मुंबईहून ती ग्वाल्हेरला आणि तिथून भोपाळला गेली. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरने या वाटचालीकडे लक्ष देऊन पाहिले पाहिजे.

कथेसाठीही आपल्याला दूर जावे लागणार नाही. महाभारतातली दमयंती विदर्भाची राजकन्या, आणि नलाचा निरोप तिच्याकडे आणतो तो हंसच. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचे रूप घेऊन उभे राहतात. पाच सारखे पुरुष, आणि त्यांतला खरा ओळखायचा आहे. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजत नाहीत, पाय भुईला टेकत नाहीत. नलाची माळ मात्र सुकलेली, अंगावर धूळ, पायाखाली जमीन आणि सोबत सावली. ‘स्वान लेक’मधला राजपुत्र दोन सारख्या दिसणाऱ्या तरुणींपुढे फसतो, विदर्भाची मुलगी मात्र माणसाला त्याच्या माणूसपणावरून ओळखते. नृत्यासाठी यापेक्षा नेमका प्रसंग कोणता? चार नर्तक टाचा उचलून चवड्यांवर तरंगतील, पाचवा पूर्ण तळव्याने ठेका देईल, आणि पहिल्या रांगेतल्या लहान मुलालाही एका शब्दावाचून सारे कळेल.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि प्रेक्षकांचा. शेतकरी अडचणीत असताना नाचावर खर्च कशाला, हा प्रश्न विदर्भात विचारला जाणारच आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. पण नवा पैसा मागण्याची गरज नाही. महोत्सवांतल्या एका रात्रीच्या मंडपावर, रोषणाईवर आणि पाहुण्या कलाकारांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग इथल्या तरुणांच्या वर्षभराच्या मानधनाकडे वळवला तर तोच पैसा इथल्या घरांत राहील. आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक विदर्भात नाही, असे म्हणणाऱ्यांनी दिवाळीनंतर वडसा परिसरात जावे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटके जिवंत संगीतासह रात्र रात्र चालतात, आणि गावकरी पदरचे पैसे मोजून ती पाहतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शाळांची स्नेहसंमेलने आहेतच की, असेही कोणी म्हणेल. त्यांतून हौस जागते हे खरे, पण ध्वनिमुद्रित गाण्यावर आठवडाभर बसवलेला नाच संमेलनाबरोबरच संपतो. त्या मुलांतल्या गुणी मुलीला पुढे जायला जागा हवी.

म्हणून मागणी साधी आहे. महापालिका आणि सांस्कृतिक केंद्र यांनी मिळून पंधरा-वीस नर्तक आणि मोजके वादक यांची मंडळी किमान पाच वर्षांच्या हमीने उभी करावी. त्यांत झाडीपट्टीचे वादक असावेत, कथक आणि भरतनाट्यमचे शिष्य असावेत, दंडार हे लोकनृत्य नाचणारे तरुणही असावेत. पहिल्या वर्षी एकच कृती बसवावी, ती दर हिवाळ्यात करावी, दर वर्षी सुधारावी आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना फुकट दाखवावी. पहिला प्रयोग कच्चा निघाला तर निधी थांबवू नये, कारण बोल्शोईतला पहिला ‘स्वान लेक’ही जिंकला नव्हता. नागपूरने खर्च करायचा तो या धीरावर.